दख्खनचे जौहरदार पोलाद : तेलगावच्या कोयत्यापासून इस्फहानच्या बाजारापर्यंत

१/ बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगाव हे साखर कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाते. या टापूत ‘कोयता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ ऊस तोडण्याचे लाकडी मुठीचे पाते. दुसरा अर्थ ऊसतोडीला निघालेले नवरा-बायकोचे जोडपे. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. गडी एकटाच निघाला तर तो ‘अर्धा कोयता’. माणूस हत्याराच्या नावाने मोजला जातो, पण ते हत्यार घडवणाऱ्याचे नाव कोणत्याच वहीत चढत नाही. ही रीत नवी नाही. याच दख्खनच्या पठारावर एके काळी असे पोलाद तयार होई की ते विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी समुद्र ओलांडून येत. जगाने त्या पोलादाला दमास्कस शहराचे नाव दिले आणि ते करणारे निनावी राहिले. हा धागा त्या पोलादाचा, त्यापासून घडलेल्या कट्यारी-सुऱ्यांचा, त्यांच्या मुठींचा आणि ते घडवणाऱ्या हातांचा.

२/ प्रथम एक शब्द समजून घ्यावा : जौहर. संग्रहालयातील एखाद्या जुन्या कट्यारीचे पाते उजेडात तिरपे धरले, तर कधी कधी त्यावर करड्या-पांढऱ्या बारीक लाटा दिसतात. वाऱ्याने तळ्यावर उमटाव्यात तशा. ही नक्षी वरून कोरलेली नसते, रंगवलेलीही नसते. ती धातूच्या अंगातच असते आणि पाते झिजले तरी खाली पुन्हा तीच सापडते. फारसीतून आलेल्या ‘जौहर’ शब्दाचा अर्थ रत्न, सत्त्व, अंगचा गुण असा आहे. रत्ने पारखणारा तो जव्हेरी, आणि पोलादाच्या अंगातून उमटणारी नक्षी तो जौहर. ज्या पात्यात ती दिसते ते जौहरदार. तलवारीच्या परीक्षेत लांबी-रुंदीइतकेच या नक्षीला महत्त्व होते, कारण पाते कोणत्या पोलादाचे आहे याची ती साक्ष असे.

३/ येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. नक्षीदार पोलादाचे दोन पूर्णपणे वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कठीण आणि मऊ अशा दोन जातींच्या पट्ट्या एकावर एक ठेवून भट्टीत तापवतात, ठोकून एकजीव करतात, दुमडतात, पिळतात आणि पुन्हा ठोकतात. थरांच्या कडा पात्यावर नक्षी होऊन दिसतात. दुसऱ्या प्रकारात थर नसतात. मातीच्या मुशीत लोखंड वितळवून त्याची लहानशी वडी तयार करतात आणि ती विशिष्ट रीतीने ठोकली की नक्षी आपोआप उमटते. आज बाजारात ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक शिकारी सुऱ्या पहिल्या प्रकारच्या असतात. दख्खनची कीर्ती दुसऱ्या प्रकाराची होती.

४/ तेलगावच्या भोवतालची जमीन काळ्या बेसाल्टची. या दगडापासून लेणी कोरता आली, किल्ले बांधता आले. पण पोलादाजोगे खनिज त्यात मिळत नाही. लोखंड यायचे ते पठाराच्या पूर्वेकडून, जिथे बेसाल्ट संपतो आणि त्याहून जुना खडक उघडा पडतो. विदर्भात ही विद्या फार प्राचीन आहे. नागपूरजवळच्या नायकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षांचा मानला जातो. म्हणजे सातवाहनांची सत्ता उदयाला येण्याच्या कित्येक शतके आधी या भूमीवरील माणसे दगडातून लोखंड काढत होती. पोलादाची पुढची पायरी मात्र नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात गाठली गेली.

५/ निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. निजामाबादचे जुने नाव इंदूर. बीड आणि इंदूर हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे तेलगाव आणि कोनासमुद्रम एकाच निजामाच्या अमलाखाली नांदली. १८२० च्या सुमारास हेन्री व्हॉयसी हा भूशास्त्रज्ञ या गावी पोचला. तो मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वैद्य म्हणून काम करीत होता. तिथे त्याला पोलादाच्या भट्ट्या पेटलेल्या दिसल्या आणि त्यांच्याशेजारी माल पारखत बसलेला इस्फहानचा व्यापारी भेटला. व्हॉयसी १८२४ मध्ये मरण पावला. त्याचे टिपण १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. दख्खनच्या पोलादाचे हे अत्यंत मोलाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे.

६/ कोनासमुद्रमची रीत अशी. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले, वेगळ्या गुणाचे लोखंड ठराविक प्रमाणात एकत्र करीत. ते मातीच्या मुशीत भरून मुशीचे तोंड लिंपून बंद करीत. या मुशीच्या मातीत भाताचा तूस मिसळलेला असे. त्यामुळे ती भयंकर आचेतही फुटत नसे. कोळशाच्या भट्टीत भाते अखंड चालत. मुशीतला धातू पूर्ण वितळला की ती सावकाश थंड होऊ देत आणि मग फोडत. आत तळहातावर मावेल एवढी पोलादाची वडी निघे. ती फार कडक असल्याने मातीचा लेप देऊन पुन्हा पुन्हा मंद आचेवर शेकावी लागे. मूस एकदाच वापरता येई. म्हणूनच अशा गावांच्या परिसरात आजही फुटक्या मुशींचे ढीग सापडतात. २०१० साली बंगळुरू आणि इंग्लंडमधील एक्सेटर येथील संशोधकांनी उत्तर तेलंगणात पाहणी करून अशा अनेक जागांची नोंद केली.

७/ म्हैसूर आणि तमिळ मुलखातील रीत थोडी वेगळी होती. तिथे मऊ लोखंडाच्या तुकड्यांबरोबर मुशीत वाळलेल्या लाकडाचे तुकडे आणि वर हिरवी पाने घालीत. आचेत लाकूड जळून कोळसा होई आणि त्यातला कार्बन लोखंडात मुरे. जोसिया हीथ या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वनस्पतींची नावे नोंदवली. लाकूड तरवडाचे आणि पाने रुईची. तरवड आणि रुई! बीडच्या कोणत्याही माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला ही दोन झुडपे दिसतात. तरवडाच्या सालीने कातडे कमावतात आणि रुईची पाने शनिवारी मारुतीला वाहतात. याच झुडपांनी कधी काळी जगातील उत्तम पोलादात आपला अंश मिसळला होता, हे किती जणांना ठाऊक असते?

८/ या वड्यांचा व्यापार फार जुना. अरबी भाषेत भारतीय तलवारीला ‘मुहन्नद’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा धागा सरळ ‘हिंद’शी जुळतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने तलवारींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा हिंदी पोलादाचा विचार त्याला करावाच लागला. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने लिहून ठेवले की जौहर उमटू शकणारे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. मग नाव दमास्कसचे का? त्याविषयी मतभेद आहेत. कोणी म्हणतात की युरोपीयांनी ही पाती दमास्कसच्या बाजारात पाहिली. कोणी त्याचा संबंध पाण्याच्या लाटांसारख्या नक्षीशी लावतात. एवढे मात्र निश्चित, की माल विकला गेला त्या बाजाराचे नाव टिकले आणि माल तयार झाला त्या गावाचे पुसले गेले.

९/ वडी विकत घेतली म्हणजे पाते मिळाले असे नाही. मुशीतल्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्का असते. हे प्रमाण फार मोठे आहे. साध्या लोखंडाप्रमाणे ते पांढरे होईतो तापवले आणि घण घातला, तर ऐरणीवर त्याचा भुगा होतो. युरोपातील अनेक कसबी लोहारांचा नेमका हाच अनुभव होता. हे पोलाद लालसर आचेवरच ठोकावे लागते आणि लाली उतरली की थांबावे लागते. मग पुन्हा तापवायचे, पुन्हा हलक्या हाताने ठोकायचे. असे कित्येक वेळा. त्या काळी तापमापक नव्हता. आचेचा रंग ओळखण्यासाठी भट्टी सावलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात असे. लोहाराचा डोळा हेच मोजमाप आणि बापाने मुलाला शेजारी बसवून दाखवलेला रंग हाच ग्रंथ.

१०/ ठोकून आकाराला आलेले पाते काळपट आणि मुके दिसते. त्याला बोलते करणारा कारागीर वेगळा : शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे. त्यावरून हा शब्द आला. शिकलगार पाते घासून आरशासारखे करी आणि मग त्यावर हिराकसाचे पाणी लावी. हिराकस म्हणजे लोखंडाचा गंधकी क्षार. त्याच्या स्पर्शाने पोलादातील मऊ भाग काळवंडतो, कठीण भाग उजळ राहतो आणि लाटा दिसू लागतात. महाराष्ट्रात आजही शिकलगार आडनावाची कुटुंबे आहेत आणि नांदेडच्या परिसरात शिकलगार शिखांची वस्ती आहे. हत्यारांना धार लावणे हा त्यांच्या पूर्वजांचा पिढीजात व्यवसाय होता. आडनाव हा कधी कधी शिलालेखापेक्षा टिकाऊ पुरावा ठरतो.

११/ मराठी भाषेनेही या विद्येचा अवशेष सांभाळला आहे. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करतो, त्याला ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतात. ‘तलवारीचे पाणी’, ‘पाणीदार माणूस’, ‘पाणी जोखणे’ या बोलण्यात पाणी म्हणजे अंगचे तेज. ही कल्पना किती जुनी आहे, ते वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त दिसते. तिच्या खड्गलक्षण प्रकरणात ‘शस्त्रपान’ सांगितले आहे, म्हणजे शस्त्राला काय पाजावे याच्या कृती. त्यात घोडी, सांडणी, हत्तीण यांचे दूध आहे, केळीचा क्षार आणि ताक आहे, आणि रुईचा चीकही आहे. यातील प्रत्येक कृती खरोखर उपयोगी होती असे मानण्याचे कारण नाही. पण शस्त्र तहानलेले असते आणि त्याला नीट पाजले तर ते धन्याला धोका देत नाही, ही धारणा मराठीच्या अंगात मुरली.

१२/ आता शिकारीकडे वळू. बीडचा प्रदेश बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात शस्त्रविनोद आहे आणि मृगयाही आहे. हरणांच्या शिकारीचे अनेक प्रकार तो तपशिलाने सांगतो. शिकार ही राजाची करमणूक होती आणि युद्धाचा सरावही. पुढे सुलतानांच्या आणि मुघलांच्या काळात शिकार हत्यारांच्या अंगावरच उतरली. पात्यावर वाघ, हरिण, हत्ती, शिकारी कुत्रे यांची उठावदार चित्रे कोरलेल्या शस्त्रांना ‘शिकारगाह’ म्हणत. कट्यार मुठीत आडवी धरतात. त्यामुळे भोसकताना संपूर्ण हाताचे बळ तिच्या टोकाशी येते. अंगावर आलेल्या जनावराशी शेवटची झुंज तिच्यावरच असे. कर्द ही सरळ, एकधारी सुरी मात्र सोलणे-कापणे अशा रोजच्या कामाचीही होती.

१३/ तेलगावपासून जवळच धारूरचा किल्ला आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान लारी याने तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारला. थोड्याच काळात तो अहमदनगरच्या निजामशाहीने जिंकला आणि १६३०-३१ च्या मोहिमेत मुघलांकडे गेला. हा किल्ला बांधला जात होता त्याच काळात विजापुरात ज्या कट्यारी घडत होत्या, त्यांपैकी एक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिचे पाते पोलादी आणि मूठ सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची, माणके जडवलेली. मुठीवर एक व्याल सिंहावर तुटून पडला आहे आणि सिंह हरणावर. शिकारीची साखळी हाताच्या पकडीतच गुंफलेली. ती मूठ धरणाऱ्याला आपण या साखळीच्या कोणत्या टोकाला आहोत, असा प्रश्न पडत असेल काय?

१४/ राजघराण्यांच्या मुठी सोन्याच्या, हस्तिदंताच्या, यशब नावाच्या हिरवट दगडाच्या. गावातील सुरी-कोयत्यांच्या मुठी लाकडाच्या. शिसम, खैर, बाभूळ, धावडा ही त्यासाठीची ओळखीची लाकडे. शिसमाचे रेषादार गडद लाकूड देखणे आणि तेलकट, बाभूळ चिवट, धावडा तर कुऱ्हाडीच्या दांड्यासाठीच प्रसिद्ध. मूठ बसवण्याच्या रीती मुख्यतः दोन. एकीत पात्याचे निमुळते शेपूट मुठीच्या भोकात घालून आत वितळलेली लाख किंवा राळ ओततात; ती थिजली की पाते पक्के बसते. दुसरीत पात्याच्या मागच्या रुंद भागाला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या लावून आरपार खिळे ठोकतात. गावगाड्यात पाते लोहाराचे आणि लाकूड सुताराचे. दोघेही बलुतेदार, दोघांचीही मजुरी सुगीच्या खळ्यावर धान्याच्या रूपाने चुकती होई. एका साध्या सुरीतही दोन घरांचे कसब एकत्र येई.

१५/ मराठ्यांच्या शस्त्रांविषयी एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. दख्खनचे पोलाद दाराशी असतानाही मराठा सरदारांना युरोपातून आलेली सरळ, लांब पाती प्रिय होती. त्यांनाच ‘फिरंग’ म्हणत. पाते परदेशी आणि मूठ देशी, अशा तलवारी मोठ्या संख्येने आजही संग्रहालयांत आहेत. कारण व्यवहाराचे होते. जौहरदार पोलाद धार उत्तम धरी, पण चुकीचे घडवलेले पाते घावात तुटण्याचा धोका असे. युरोपीय पाती लवचीक असत आणि बंदरांवर विपुल मिळत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. फारसी शस्त्रनामांना संस्कृत पर्याय देण्याची गरज भासावी, इतकी ही नावे मराठी कारभारात रुळलेली होती.

१६/ आधुनिक विज्ञानाची या पोलादाशी गाठ पडली ती मुंबईत. १७९४ मध्ये मुंबईतील वैद्य हेलेनस स्कॉट याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना या पोलादाचे नमुने पाठवले. त्याने त्याला ‘वूट्झ’ म्हटले. कन्नड-तेलुगू ‘उक्कू’ या शब्दाचे ते बिघडलेले रूप असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन याने त्यावर शोधनिबंध वाचला. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा नामांकित कारागीर. त्याने वूट्झ वापरून पाहिले आणि धारदार हत्यारांसाठी ते सर्वोत्तम असल्याची जाहिरात आपल्या दुकानाच्या कार्डावर केली. दख्खनच्या मुशीतले पोलाद लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या हाती पोचले.

१७/ स्टोडार्टच्या जोडीला एक तरुण शास्त्रज्ञ आला : मायकेल फॅरडे. पुढे विद्युतशास्त्रात अजरामर झालेला हा माणूस एका लोहाराचा मुलगा होता. १८१९ मध्ये त्याने वूट्झचे पृथक्करण केले आणि त्याचा गुण सिलिका व अॅल्युमिना यांत आहे असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. पण ते रहस्य शोधताना त्याने आणि स्टोडार्टने पोलादात निरनिराळे धातू मिसळून केलेले प्रयोग मिश्रपोलादांच्या अभ्यासाची सुरुवात ठरले. रशियात उरल पर्वतातील झ्लातोउस्त येथे पावेल अनोसोव्ह याने वर्षानुवर्षे खटपट करून जौहरदार पोलाद तयार केले आणि १८४१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोनासमुद्रमच्या भट्ट्यांनी युरोपच्या धातुशास्त्राला असा धडा घातला.

१८/ मग नक्षी उमटते कशामुळे? याचे पटणारे उत्तर मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि फ्लोरिडातील नालबंद व पातेकार आल्फ्रेड पेंड्रे यांनी एकत्र काम केले. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की खनिजातून आलेले व्हॅनेडियमसारखे धातू अत्यल्प प्रमाणातही पुरेसे असतात. वडी थिजताना ते ठराविक रांगांत जमतात. पुढे लोहार पाते पुन्हा पुन्हा मंद तापवून ठोकतो, तेव्हा लोह-कार्बनचे कठीण कण त्याच रांगांत वाढतात आणि पट्टे दिसू लागतात. यातील अर्धे श्रेय खनिजाचे आणि अर्धे हाताचे. विद्यापीठाला हे कोडे एकट्याने सुटले नाही; ऐरणीवर बसणारा माणूस सोबतीला घ्यावा लागला.

१९/ एवढे पोलाद नाहीसे का झाले? ‘रहस्य हरवले’ असे रंगवून सांगितले जाते, पण प्रत्यक्षात एक साखळी कडीकडीने तुटली. बंदुकीने तलवारीची मागणी घटवली. १८१८ नंतर मराठी फौजा विसर्जित झाल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात हत्यार बाळगणेच परवान्याचे केले. शेफील्डचे, आणि पुढे बेसेमर पद्धतीचे स्वस्त पोलाद आगगाडीने गावोगाव पोचले. जंगलांवर सरकारी पहारे बसू लागले तसा कोळसा महागला. नेमके खनिज बदलले तर व्हॅनेडियमही गेले, आणि मग उत्तम लोहाराच्या हातूनही नक्षी उमटेना. गिऱ्हाईक, कोळसा, खनिज, भट्टीवाला, शिकलगार यांपैकी एकाने हात सोडला की बाकीच्यांचा धंदा बसे. विद्या कोणी लपवली नाही. ती विकत घेणारा उरला नाही.

२०/ उत्साहाच्या भरात केले जाणारे दोन दावे येथेच तपासून घ्यावेत. पहिला : दमास्कस तलवारीने हवेत तरंगणारा रेशमी रुमाल कापला जाई. ही पुढे लोकप्रिय झालेली कथा आहे. इतिहासाचा पुरावा नव्हे. दुसरा : ते पोलाद आजच्या पोलादापेक्षा श्रेष्ठ होते. तसे नाही. आजचे उत्तम मिश्रपोलाद मजबुतीत त्याच्या पुढे आहे. २००६ मध्ये ड्रेस्डेन येथील संशोधकांना जुन्या तलवारीत कार्बनच्या सूक्ष्म नलिका आढळल्या. त्यावरून ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ अशा बातम्या झाल्या. नलिका जाणूनबुजून केलेल्या नव्हत्या. कारागिराचा खरा मोठेपणा वेगळा आहे : व्हॅनेडियम, कार्बन हे शब्दही ठाऊक नसताना, केवळ आच, रंग आणि आवाज यांवरून त्याने दरवेळी तोच परिणाम साधला.

२१/ शिकारी सुरीचे आज काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि ती यावी हेच योग्य होते. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र ठरू शकते. मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी असलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे हौशी कारागिरांच्या नक्षीदार सुऱ्या आज संग्राहकांसाठी, स्वयंपाकघरासाठी आणि रानात भटकणाऱ्यांसाठी घडतात. त्या घेताना ‘दमास्कस’ या शब्दापाशी थांबून विचारावे : थर जोडलेले, मुशीतले, की आम्लाने वर काढलेले नुसते चित्र? पाते थोडे घासले की चित्र जाते. आतली नक्षी हिराकसाने पुन्हा उजळते. पारख करण्याची शिकलगाराची ही कसोटी अजून खरी आहे.

२२/ आणि वगळलेल्या शेतीच्या हत्यारांत कोयता येतो. मराठवाड्यात तो पुष्कळदा घिसाडी घडवतात. घिसाडी ही भटकी लोहार जमात. आपले मूळ ती राजस्थान-गुजरातेकडे सांगते. रस्त्याच्या कडेला पाल पडते, जमिनीत भट्टी खणली जाते आणि भाता फुगू लागतो. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरतो आणि बाई दोन्ही हातांनी घण घालते. पोलाद येते भंगारातून, बहुधा मोटारीच्या कमानपाट्यातून. हे पोलाद कशासाठी बरे, किती लाल झाले की ठोकायचे, पाणी किती द्यायचे, हे सारे डोळ्यांनी ठरते. कोनासमुद्रमचा लोहार जे करीत होता तेच. फक्त येथे इस्फहानचा व्यापारी येत नाही. गिऱ्हाईक असते दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागणारे जोडपे.

२३/ या घिसाड्यांची साखळीही आता कडीकडीने तुटते आहे. यंत्रावर कापलेले कोयते दुकानात स्वस्त मिळतात, ऊस तोडणारी यंत्रे फडात उतरली आहेत, कोळसा मिळत नाही आणि पाल ठोकायला जागा उरत नाही. कोनासमुद्रमच्या बाबतीत निदान एक व्हॉयसी वेळेवर पोचला. त्याने चार पाने लिहिली, म्हणून दोनशे वर्षांनी विद्यापीठांना भट्टीचा माग लागला. ज्यांच्या गावाबाहेर आज घिसाड्यांचे पाल पडते, त्यांच्यासाठी इतिहासाचे साधन घराजवळच आहे. आचेचे किती रंग ते ओळखतात, त्यांना काय नावे आहेत, कोणत्या लाकडाची मूठ हाताला फोड आणत नाही, हे विचारून, त्यांच्या संमतीने लिहून ठेवता येते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील जौहरदार कट्यार काचेआड सुरक्षित आहे. तेलगावच्या फडातील कोयता मात्र हंगामासरशी झिजतो, मोडतो, भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर तो घडवणाऱ्याची ओळखही जाते. त्या पात्यावर लाटा नसतात. पण त्यालाही कोणीतरी पाणी दिलेले असते, आणि त्या माणसाला नाव असते.